लांबचं आकाशवाणी केंद्र मोबाईलवर लागत नाही: तपासायला कुठून सुरुवात करावी

गावाकडचं केंद्र शहरात बसून ऐकायचं असतं. पुण्यात मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना सांगली हवी असते, बेंगळुरूच्या मावशीला रत्नागिरी, दुबईतल्या भाच्याला पणजी. घरातलं कुणीतरी मोबाईलवर लावून देतं, दोन दिवस चालतं, आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो: "रेडिओ बिघडला." हे फोन आमच्या नात्यागोत्यात बहुतेक माझ्याकडेच येतात, त्यामुळे कोणत्या क्रमाने काय बघायचं हे आता ठरून गेलं आहे. तोच क्रम इथे लिहितो. आधी फुकटचं आणि सोपं, मग कटकटीचं, आणि दुकानात जाणं सगळ्यात शेवटी.

तक्रार नेमकी कशी असते

- एफएमचं ॲप उघडलं की "हेडफोन जोडा" एवढंच येतं.
- एफएम लागतं, पण दोनतीन स्टेशनंच, तीही खरखरत. हवं ते केंद्र यादीतच येत नाही.
- नेटवरच्या ॲपमध्ये गोल नुसता फिरत राहतो.
- चालू दिसतं, आकडे पुढे सरकतात, आवाज मात्र नाही.
- स्क्रीन बंद केली की थोड्या वेळाने गाणं मध्येच तुटतं.
- मध्ये फोन येऊन गेला की रेडिओ परत सुरू होत नाही.
- सांगली लावलं तर विविध भारती ऐकू येतं.

यातली पहिली दोन दुखणी एका जातीची, बाकीची दुसऱ्या. म्हणून पहिला प्रश्न एकच.

आवाज हवेतून येतोय की नेटवरून?

मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा. एक मिनिट थांबा, कारण ॲपने थोडा आवाज आधीच साठवून ठेवलेला असतो. तरीही रेडिओ चालू राहिला तर तो फोनच्या आतल्या एफएम रिसीव्हरवर, म्हणजे हवेतून येतोय. बंद पडला तर तो नेटवरून येत होता. विमान मोड लावून ही परीक्षा करू नका. काही फोनांत विमान मोडमध्ये एफएमचं ॲपच चालत नाही आणि उत्तर चुकीचं मिळतं.

हे आधी कळायला हवं, कारण दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. नेटवरच्या रेडिओला इअरफोनची वायर लावून काही होत नाही, आणि हवेतल्या एफएमला रिचार्ज मारून काही होत नाही. "एफएम रेडिओ" नावाची जी ढीगभर ॲप्स मिळतात त्यातली जवळपास सगळी नेटवर चालतात. फोनमध्ये एफएमचा रिसीव्हर नसेल तर कोणतंही ॲप तो निर्माण करू शकत नाही. आयफोनवर हवेतलं एफएम नाहीच, तिथे थेट नेटच्या भागाकडे जा. ॲण्ड्रॉइडमध्ये कंपनीने दिलेलं रेडिओचं ॲप असेल तर रिसीव्हर आहे असं समजायला हरकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना सूचना दिली होती की, फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका. तरी नवा फोन घेताना दुकानात लावूनच बघा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर आहे, पुणे ७९२ वर, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. ही मीडियम वेव्ह, म्हणजे एफएमपेक्षा खूप लांब लहरींचा जुना पट्टा, आणि मोबाईलमध्ये मीडियम वेव्हचा रिसीव्हर नसतो. सांगलीची लहर साधारण २४० मीटर लांबीची. ती पकडायला ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची कांडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं असतं. फोनमध्ये त्याला जागा नाही, आणि जागा केली तरी फोनच्या स्वतःच्याच सर्किटची खरखर त्यावर बसेल. त्यामुळे सांगलीतच राहणाऱ्या माणसालाही १२५१ मोबाईलवर हवेतून मिळत नाही. एफएमच्या ॲपमध्ये तो आकडा शोधत बसू नका. हे केंद्र मोबाईलवर फक्त नेटवरून.

केंद्र या वेळी चालू तरी आहे का?

आकाशवाणीची बरीच केंद्रं सभांमध्ये चालतात: सकाळची, दुपारची, संध्याकाळची. दोन सभांच्या मध्ये केंद्र शांत असतं. ट्रान्झिस्टरवर हे लगेच कळायचं, नुसता सूंऽऽ आवाज यायचा. ॲपमध्ये मात्र गोल फिरतो किंवा आकडे सरकत राहतात, आणि माणसाला वाटतं फोन बिघडला.

"सांगली लावलं तर विविध भारती लागतं" ही तक्रारही इथलीच. दिवसातल्या काही वेळात स्थानिक केंद्रं मुंबई-दिल्लीचे किंवा विविध भारतीचे कार्यक्रम सहक्षेपित करतात, म्हणजे तेच आपल्या केंद्रावरून ऐकवतात. हा बिघाड नाही. हवा तो कार्यक्रम किती वाजता असतो ते बघून त्या वेळेला लावा.

खात्री करायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे गावात ज्यांच्याकडे अजून ट्रान्झिस्टर आहे त्यांना फोन करणं. त्यांच्याकडे केंद्र चालू आणि तुमच्या ॲपमध्ये बाकीची केंद्रं चालू, पण हेच गप्प, असं असेल तर केंद्राचं नेटवरचं प्रक्षेपण तेवढं पडलं आहे. तुमच्या हातात काही नाही. ॲप काढून परत टाकू नका, फोन रीसेट तर अजिबात नको.

आवाज दुसरीकडेच जातोय का?

ब्लूटूथ बघा. शेजारच्या खोलीतल्या स्पीकरला किंवा खाली उभ्या असलेल्या गाडीला फोन जोडलेला असतो आणि रेडिओ तिकडे वाजत असतो. मग मीडियाचा आवाज बघा. रिंगचा आवाज पूर्ण आणि मीडियाचा शून्य, हे घरोघरी सापडतं. रेडिओ चालू असतानाच बाजूची बटणं दाबली म्हणजे नेमका मीडियाचा आवाज वाढतो.

हवेतलं एफएम: वायर, जागा आणि अंतर

फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच ॲण्टेना. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर, तिचा चौथा भाग पाऊण मीटर; इअरफोनची मीटर-सव्वा मीटरची वायर त्यामुळे छान जमते. ब्लूटूथच्या इअरबडमध्ये वायरच नाही, म्हणून ॲप "हेडफोन जोडा" म्हणत राहतं. आवाज फोनच्या स्पीकरवर हवा असला तरी वायर खोचलेलीच पाहिजे. ब्लूटूथ स्पीकरवर एफएमचा आवाज पाठवणं काही फोनांत जमतं, बऱ्याच फोनांत नाही.

वायर गुंडाळून खिशात ठेवू नका, सरळ लोंबू द्या. खिडकीजवळ जा. चार्जर काढा, कारण स्वस्त चार्जरची खरखर थेट वायरीत शिरते. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, टीव्हीचा बॉक्स यांच्यापासून चार हात लांब. घरातले दिवे एकेक करून बंद करून पाहिले की गुन्हेगार सापडतो. बहुधा तो बाल्कनीतला वीसपंचवीस रुपये वाचवून आणलेला बल्ब असतो.

तरीही "हेडफोन जोडा" जात नसेल तर जॅकच्या भोकात टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस आत दाबला जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही, मिलिमीटरभर बाहेर राहते, आणि फोनला वायर दिसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने, कडेकडेने, हलक्या हाताने तो थर उकरा. राखाडी गोळी बाहेर येते आणि पुढच्या वेळी पिन टक् असा आवाज करून बसते. टाचणी, सुई किंवा केसांची पिन वापरू नका. आतल्या पत्र्याच्या जिभा वाकतात आणि फुकटात होणारं काम पैशाचं होतं.

ज्या फोनला गोल जॅक नाही त्यांची गोष्ट किचकट आहे. चार्जिंगच्या सी पोर्टमधून ॲण्टेना घेण्याची सोय कंपनीने केली असेल तरच एफएम चालतं. त्यातही, ज्या ॲडॉप्टरमध्ये आवाजाची स्वतःची चिप असते त्यातून वायर ॲण्टेना म्हणून पोचत नाही. साधा, चिप नसलेला ॲडॉप्टर काही फोनांना चालतो. उसना आणून बघा, मगच विकत घ्या.

यानंतर सेटिंग. एफएमच्या ॲपमध्ये प्रदेश निवडायचा असेल तर भारत हवा. आपल्याकडे एफएम १०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. जपानचा पट्टा चुकून निवडला गेला तर तो खालीच कुठेतरी संपतो आणि कोल्हापूरचं १०२.७ किंवा साताऱ्याचं १०३.१ कधीच सापडत नाही. स्कॅनवर विसंबू नका, कमजोर केंद्रं स्कॅन गाळून टाकतो. आकडा हाताने टाका.

एवढं करून लागलं नाही तर अंतराचा हिशेब करा. एफएम साधारण नजरेच्या रेषेत चालतं, क्षितिजाच्या थोडं पलीकडे. मनोऱ्याच्या आणि तुमच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१ ने गुणा; किलोमीटर मिळतात. मनोरा १०० मीटर आणि तुम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे चार मीटरवर, तर अंतर ५० किलोमीटरच्या आत. तोच फोन घेऊन ६०० मीटर उंचीच्या मोकळ्या कड्यावर उभे राहिलात तर दीडशेच्या जवळ. म्हणून गडावर गेलं की फोनवर भलतीच स्टेशनं लागतात. मध्ये डोंगर आला तर हा हिशेबही रद्द. चिपळूणला बसून कोल्हापूरचं एफएम लावायचा हट्ट धरू नये, मध्ये अख्खा सह्याद्री आहे.

कोकण किनाऱ्यावर कधीकधी अचानक शेकडो किलोमीटर लांबचं एफएम स्वच्छ ऐकू येतं. समुद्रावर हवेचे गरम-थंड थर एकावर एक बसले की लहरी त्यात अडकून लांब जातात. ऐकून घ्या, मजा असते. दुसऱ्या दिवशी ते लागलं नाही म्हणून फोन दुरुस्तीला टाकू नका.

नेटवरचा रेडिओ: मध्येच का तुटतो

लांबच्या केंद्रासाठी खरा रस्ता हाच. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची दोनशेच्या वर केंद्रं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात आलेल्या वेव्ह्ज ॲपवरही रेडिओ आहे. सगळीकडची स्टेशनं गोळा करून दाखवणाऱ्या इतर ॲप्सपेक्षा आधी ही वापरा. केंद्राच्या प्रक्षेपणाचा पत्ता बदलला की परक्या ॲपमध्ये जुनाच पत्ता राहतो आणि गोल फिरत बसतो.

सगळ्यात जास्त येणारं दुखणं म्हणजे स्क्रीन बंद केल्यावर रेडिओ थांबणं. फोनवरचा संवाद दर वेळी असाच होतो:

"मामा, बंद पडला तेव्हा स्क्रीन काळी होती का?"

"मग काय चालूच ठेवू व्हय रं? बॅटरी जळंल की!"

मामांचं बरोबर आहे आणि फोनचंही. फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप्स मारतो, त्यात रेडिओही मरतो. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात रेडिओचं ॲप, त्यात बॅटरी. तिथे निर्बंध काढून टाका. रेडमी, रिअलमी, ओप्पो, व्हिवो या फोनांत ऑटोस्टार्टची वेगळी परवानगी असते, तीही द्या. अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या पडद्यावर रेडिओच्या ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. डेटा सेव्हर चालू असेल तर रेडिओला त्यातून सूट द्या. मोठी माणसं संध्याकाळी सवयीने सगळी ॲप्स वर सरकवून "साफ" करतात, तेही विचारा. आणि सिस्टिम अपडेट झालं की ही सेटिंगं कधीकधी पूर्वपदावर जातात, म्हणून "कालपर्यंत चालत होता" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा इथेच बघतो.

फोन येऊन गेल्यावर रेडिओ गप्प होतो ते काही ॲप्सचं वागणंच तसं आहे. परत प्ले दाबायचं. यावर दुसरा इलाज नाही.

गोल फिरत राहिला तर आधी दुसरं केंद्र लावा. तेही फिरलं तर दोष नेटचा. रेडिओला नेट फार लागत नाही: ६४ केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट) तासाला सुमारे २९ एमबी, १२८ ला ५८. दिवसाला तीन तास ऐकलं तरी ६४ ला शंभर एमबीच्या आत, १२८ ला पावणेदोनशेच्या आसपास. वेग कमी चालतो, खंड मात्र चालत नाही. वायफाय आणि मोबाईल डेटा आलटूनपालटून लावा. वायफायवर अडकतं आणि डेटावर चालतं असं दिसलं तर राउटर बंद करून चालू करा. उलट असेल तर रोजचा डेटा संपलाय का ते बघा. संपल्यावर वेग इतका पडतो की व्हॉट्सॲपचा मजकूर जातो पण रेडिओ तुटतो.

दोन्हीकडे अडकत असेल तर तीन गोष्टी. फोनची तारीख-वेळ आपोआप वर ठेवा. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र फोनला खोटं वाटतं आणि तो दारातूनच परत फिरतो. व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच ठिकाणावरून फिरवून आणणारं ॲप, असेल तर बंद करा. आणि सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस (नेटवरचे पत्ते शोधून देणारी सोय) बघा. जाहिराती अडवायला नातवाने तिथे काहीतरी टाकून ठेवलेलं असतं आणि त्यात रेडिओही अडतो.

फोन फार जुना असेल तर वेगळं कारण असू शकतं. पुष्कळ संकेतस्थळं सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात. ॲण्ड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनांना ती ज्या आधारावर चालायची तो आधार सप्टेंबर २०२४ अखेर संपला. अशा फोनवर काही केंद्रं लागतात, काही एकाएकी गायब झालेली असतात. उलट बाजूने, ॲण्ड्रॉइड ९ पासून साध्या, असुरक्षित पत्त्यावरचे प्रवाह ॲप्सना मुळात अडवलेले असतात. त्यामुळे छोट्या हौशी स्टेशनांचे जुने पत्ते नव्या फोनवर गप्प, असंही होतं. तिथे दुसरं ॲप वापरून बघणं एवढाच मार्ग.

परदेशी राहणाऱ्यांसाठी: काही खासगी वाहिन्या हक्कांच्या कारणाने देशाबाहेर बंद असतात. केंद्रच "तुमच्या देशात उपलब्ध नाही" म्हणत असेल तर फोनमध्ये काही शोधू नका.

एक गोष्ट तक्रार नाही, तरी सांगून ठेवतो. नेटवरचा आवाज अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त मागे असतो. रेडिओवर सांगितलेल्या वेळेवर घड्याळ लावू नका, आणि क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत असाल तर शेजाऱ्यांच्या टीव्हीवरचा आरडाओरडा आधी ऐकू येणार.

शॉर्टवेव्ह आणि परदेशातली केंद्रं

काहींना खरोखर हवेतला, फेडिंगसकटचा, म्हणजे आवाज कमीजास्त होत राहणारा रेडिओ हवा असतो. त्यांनी दुसऱ्याचा रिसीव्हर उसना घ्यावा. किवीएसडीआर नावाचे रिसीव्हर जगभर हौशी लोकांनी नेटवर खुले ठेवले आहेत. ते ० ते ३० मेगाहर्ट्झ पकडतात, म्हणजे मीडियम वेव्हही आणि शॉर्टवेव्ह, म्हणजे फार लांबवर जाणारा पट्टाही. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा असाच नेटवरचा रिसीव्हर तर प्रसिद्धच आहे.

इथली नेहमीची अडचण म्हणजे "काहीच ऐकू येत नाही." बहुतेक वेळा रिसीव्हर चुकीच्या जागी निवडलेला असतो. नेदरलँड्समधल्या ॲण्टेनावर सांगली शोधून काय मिळणार? ज्या भागातलं केंद्र हवं त्याच्या जवळचा रिसीव्हर घ्या, आणि रिसीव्हर जिथे आहे तिथे दिवस आहे की रात्र ते बघा. दिवसा वातावरणातला खालचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो; रात्री तो विरला की वरच्या थरावरून लहरी परततात आणि शेकडो किलोमीटर जातात. वेळापत्रकं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा. किवीवर एका वेळी मोजक्याच लोकांना जागा असते. भरलं असेल तर दुसरा निवडा. फोनवर आवाज सुरू व्हायला पडद्याला एकदा बोट लावावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

याच्या पुढची पायरी म्हणजे आरटीएल-एसडीआरचा डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखा छोटा रिसीव्हर, ओटीजी केबलने (फोनच्या चार्जिंग पोर्टला बाहेरचं उपकरण जोडणाऱ्या वायरीने) फोनला जोडणं. चालतं, पण बॅटरी झरझर उतरते, फोन तापतो आणि ड्रायव्हरचं ॲप वेगळं टाकावं लागतं. हौस असेल तरच. घरी बसून जवळचं मीडियम वेव्ह ऐकायचं असेल तर साधा ट्रान्झिस्टर स्वस्त पडतो आणि आजीलाही लावता येतो.

कुठे थांबायचं

जॅक साफ करूनही पिन डगडगते, किंवा काही न लावता फोन "हेडफोन जोडलेला" दाखवतो, तर जॅकचा भाग गेला आहे किंवा आत ओल शिरली आहे. कोकणात पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. फोन उघडणं हे घरचं काम नाही, दुरुस्तीवाल्याकडे द्या. त्याला "रेडिओ चालत नाही" असं सांगू नका, तो ॲप टाकून परत देईल. "हेडफोन जॅकचा संपर्क तपासा" असं सांगा, आणि चालणारा इअरफोन सोबत न्या. भाव आधी विचारा. जुन्या फोनला जॅक बदलण्याचा खर्च जास्त असेल आणि फोनवर नेटचा रेडिओ चालत असेल तर मी बदलत नाही.

पाठ फुगलेली दिसली, फोन तापतोय किंवा पडदा कडेने उचललाय, तर रेडिओचा विषय बाजूला ठेवा. चार्जिंग बंद, फोन बंद, आणि तो सेवा केंद्रात न्या. फुगतेय ती आतली बॅटरी आहे.

फोन रूट करून, म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं तोडून, एफएम "उघडायचे" व्हिडिओ बघून काही करू नका. बँकेची ॲप्स बंद पडतात आणि एफएम मिळेलच असं नाही. गच्चीवरची तार किंवा टीव्हीची ॲण्टेना फोनच्या जॅकला जोडू नका. वीज दूर कुठे पडली तरी अशा तारेत दाब येतो आणि टोकाला फोन तुमच्या कानाशी असतो. बाहेरची ॲण्टेना हवीच असेल तर ती अर्थिंगसकट बसवणारा माणूस बोलवा, आणि ती रेडिओ सेटला जोडा.